पंचवीस अक्षरांची किल्ली

दाम मोजून घेतलेली वस्तू आपलीच आहे हे सिद्ध करण्याची पाळी माणसावर पूर्वी बहुधा जमिनीच्या बाबतीत येत असे. पेडणे आणि डिचोली या महालांत अशी घरे थोडी नाहीत, की ज्यांच्या माळ्यावरील पेटीत एखादा मोडी कागद जिवापाड जपलेला आहे आणि तो घरात कोणालाच वाचता येत नाही. अलीकडे हीच पाळी संगणकाच्या बाबतीत येऊ लागली आहे. २०२२ च्या श्रावणात ती माझ्यावर आली. त्या निमित्ताने जी शोधाशोध करावी लागली, तिची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

प्रसंग अगदी साधा होता. माझ्या पुतण्याने कॉलेजात असताना, २०१० साली, घेतलेला लॅपटॉप नातीच्या अभ्यासासाठी पुन्हा चालू करावयाचा होता. आतील हार्ड डिस्क नादुरुस्त झाली होती. ती बदलून नव्या डिस्कवर विंडोज ही कार्यप्रणाली पुनश्च घालणे, एवढेच काम. दुरुस्ती करणाऱ्या गृहस्थांनी यंत्र उपडे केले, त्याच्या पोटावर चिकटविलेली लहानशी चिठ्ठी पाहिली आणि मान हालविली. या चिठ्ठीवर पाच पाच अक्षरांचे पाच गट छापलेले असतात. संगणकवाले त्याला ‘प्रॉडक्ट की’ म्हणतात. आपण परवान्याची किल्ली म्हणू. बारा वर्षे मांडीची ऊब, हाताचा घाम आणि आमच्याकडील पावसाळ्याची ओल यांनी मिळून त्या किल्लीचे पहिले तीन गट तेवढे धड ठेवले होते. चौथा व पाचवा म्हणजे करड्या रंगाचा एक पट्टा. गृहस्थ म्हणाले, “कशाला त्रास घेता? मी माझ्याकडची दुसरी किल्ली घालून देतो. चालेल व्यवस्थित. कोण विचारतो?”

तो माणूस वाईट होता असे नव्हे. त्याचा वेळ वाचणार होता, माझे पैसे वाचणार होते. परंतु ज्या वस्तूचा परवाना आम्ही रोख विकत घेतला होता, तीच वस्तू चोरून वापरावयाची, ही कल्पना माझ्या गळी उतरेना. शिवाय कायदाही आहेच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ साली दुरुस्ती झाली आणि संगणकाच्या आज्ञावलीचा समावेश ‘साहित्यकृती’ या सदरात करण्यात आला. कवितेच्या आणि कादंबरीच्या पंक्तीला विंडोज येऊन बसावे, ही गोष्ट आमच्यासारख्या जुन्या वाचकांना जराशी गमतीची वाटते. असो. १९९४ च्या दुरुस्तीने तर बेकायदा प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणाऱ्यास किमान ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड सांगितला आहे. धंद्यासाठी वापर नसेल तर कैद माफ करण्याची मुभा न्यायालयास आहे. दाम देऊनही केवळ दोन गट पुसले गेल्यामुळे आपण प्रामाणिक गिऱ्हाइकाच्या रांगेतून उठून या कलमाच्या आसपास जाऊन उभे राहतो, हे मला फार लागले.

ही किल्ली आली कोठून? १९७६ च्या फेब्रुवारीत बिल गेट्स यांनी हौशी संगणकप्रेमींना उद्देशून एक अनावृत पत्र लिहिले. आमची आज्ञावली तुम्ही एकमेकांना नकलून देता आणि दाम कोणीच देत नाही, अशी त्यांची तक्रार होती. तक्रार खरी होती. उपाय मात्र पुष्कळ वर्षे लंगडे राहिले. विंडोज ९५ च्या दुकानी प्रतीबरोबर दहा अंकी किल्ली येई. पैकी शेवटच्या सात अंकांची बेरीज करावयाची आणि तिला सातने नि:शेष भाग जातो की नाही ते पाहावयाचे, एवढीच मुख्य परीक्षा असे. दहाही जागी केवळ ‘एक’ हा आकडा लिहिला तरी दार उघडे! सात एके सात, आणि साताने सातास भाग जातोच. असा राखणदार ठेवण्यापेक्षा दार उघडे टाकलेले काय वाईट, असे कोणासही वाटेल.

विंडोज ९८ पासून पंचवीस अक्षरी किल्ली आली, आणि येथे मात्र करणाऱ्यांनी डोके चालविलेले दिसते. रोमन लिपीची सव्वीस अक्षरे व दहा अंक यांतून त्यांनी चोवीसच चिन्हे निवडली. सर्व स्वर गाळले. त्यामुळे किल्लीत चुकूनही एखादा शब्द तयार होत नाही. शून्य आणि ‘ओ’ दोघांनाही रजा दिली. ‘एक’, ‘आय’ आणि ‘एल’ हे तिघे गेले. पाच व ‘एस’ गेले. ‘झेड’ गेला आणि त्याच्यासारखा दिसणारा दोन राहिला. वाचणाऱ्याचा घोटाळा होऊ नये म्हणून केलेली ही निवड आहे, आणि ती करणाऱ्यास लेखनिकाचा स्वभाव ठाऊक असला पाहिजे. पण एक चूक त्यांच्याकडून राहिलीच. ‘बी’ आणि आठ हे दोघेही आत राहिले. ‘जी’ आणि सहा हेही राहिले. चिठ्ठी नवी असते तोवर त्यांत काही बिघडत नाही. ती झिजली, की ‘बी’ची डावीकडील सरळ रेघ आधी वितळते आणि तो आठासारखा दिसू लागतो.

चोवीस चिन्हे, पंचवीस जागा. यांतून होणाऱ्या किल्ल्यांची संख्या पस्तीस अंकी भरते. त्यांतील बहुसंख्य अर्थातच खोट्या. खरी कोणती हे ओळखण्याचे गणित कंपनीपाशी. म्हणून अंदाजाने किल्ली बनविणे पूर्वीसारखे सोपे राहिले नाही. पुढे २००१ च्या ऑक्टोबरात विंडोज एक्सपी आली आणि किल्ली देऊन भागेनासे झाले. ती या यंत्रावर वापरीत आहो, अशी नोंद इंटरनेटवरून किंवा टेलिफोनवरून कंपनीकडे करावी लागू लागली. घाऊक गिऱ्हाइकांना यातून सूट होती. तेव्हा एका घाऊक किल्लीला, एक्सपी विक्रीस येण्यापूर्वीच, पाय फुटले आणि ती जगभर पसरली! कुलूप जितके पक्के, तितकी फुटलेल्या किल्लीला मागणी अधिक.

आता आमच्या पुसट अक्षरांकडे वळतो. त्यांच्याशी झटापट करताना मला सारखी आठवण होत होती ती डिचोलीच्या माझ्या आजोळी पाहिलेल्या एका मोडी कागदाची. पोर्तुगिजांनी डिचोली १७८१ मध्ये घेतली आणि पेडणे त्यांच्याकडे कायमचे आले ते १७८८ मध्ये, सावंतवाडीकर भोसल्यांकडून. म्हणून नव्या काबिजादीतील या मुलखाचे जुने कागद मराठीत आणि मोडी अक्षरात सापडतात. आजोळच्या कागदात कुळागराला मिळणाऱ्या पाटाच्या पाण्याचा उल्लेख होता, आणि नेमका त्याच ओळीवर वाळवीने घास घेतला होता. एका वृद्ध मोडीवाचकाने तो कागद माझ्यादेखत वाचला. मोडीत आधी आडवी रेघ ओढावयाची आणि मग बोरू शक्यतो न उचलता त्या रेघेखाली अक्षरे गुंफीत जावयाचे. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद ठेवावयाचा नाही. अर्थात एकेक अक्षर सुटे करून वाचू म्हणणारा तेथे फसतो. त्या वृद्धाची रीत निराळी होती. संशय आला की ते पुढे जात, त्याच लेखकाने तेच अक्षर दुसरीकडे कोठे स्वच्छ काढले आहे ते हुडकीत, आणि मग मागे येऊन ताडून पाहात. “ज्याचा त्याचा हात असतो,” असे ते म्हणत. शिवाय अर्थाचा आधार होता. ‘पाटाचे’ या शब्दामागून जे पुसले गेले ते ‘पाणी’च असणार, याला पंडित लागत नाही.

किल्लीला हा दुसरा आधार नाही. तिला अर्थच नाही. मागच्या अक्षरावरून पुढचे सुचत नाही, आणि तीच तिची सुरक्षितता आहे! जुन्या कागदात लिहिणारे आणखी एक खबरदारी घेत: रक्कम अंकांत लिहिली, की लगेच ‘अक्षरी’ म्हणून ती शब्दांतही लिहावयाची. अंक पुसला तर शब्द साक्षीला राहतो. शेवटी मोर्तब करावयाचे, म्हणजे त्याखाली कोणी भर घालू शकत नाही. आमच्या चिठ्ठीवर चकाकणारी नक्षी पुष्कळ होती, नकली चिठ्ठी ओळखता यावी म्हणून. पण अस्सल चिठ्ठी पुसली तर काय, याचा विचार त्या नक्षीत कोठे नव्हता. डिचोली महालातच नार्वे येथे श्रीसप्तकोटीश्वराच्या देवळावर शिवछत्रपतींनी १६६८ साली केलेल्या जीर्णोद्धाराचा शिलालेख आहे. साडेतीनशे पावसाळे त्याने पाहिले, आणि तो आजही वाचता येतो. लॅपटॉपला दगड लावा असे मी म्हणत नाही. परंतु ज्यावर हक्क अवलंबून, ते अक्षर यंत्राच्या तापणाऱ्या पोटावरच का चिकटवावे? पुढे पुढे काही कारखानदारांना हे सुचले आणि ते चिठ्ठी बॅटरीखालच्या खणात लावू लागले. आमचा लॅपटॉप त्या शहाणपणाच्या आधीचा.

पहिला उपाय पुतण्याने सुचविला. किल्ली केवळ चिठ्ठीवर नसते. विंडोज घातली की तिची एक प्रत गुप्त रूपात डिस्कवरील नोंदवहीतही जाते. जुनी डिस्क सुरू होत नसली तरी ती दुसऱ्या संगणकास जोडता आली, आणि ती नोंद उलगडणाऱ्या एका लहान आज्ञावलीने पंचवीसच्या पंचवीस अक्षरे पडद्यावर स्वच्छ आणून दिली. आम्ही आनंदाने चिठ्ठी शेजारी धरली, तो पहिलाच गट जुळेना! दुसराही नाही, तिसराही नाही. क्षणभर वाटले, पुतण्याला दुकानदाराने फसविले की काय.

फसविले कोणी नव्हते. मोठे कारखानदार हजारो यंत्रांत विंडोज घालताना प्रत्येकाची किल्ली बसून टंकीत नसत. ते सर्व यंत्रांत एकच कारखानी किल्ली घालीत, आणि यंत्राच्या मूळ पटावरील चिपमध्ये त्या कारखानदाराची खूण असे. दोन्ही जुळली की विंडोज मुकाट चाले. पोटावरच्या चिठ्ठीतील किल्ली मात्र त्या एका यंत्राची, वेगळी आणि न वापरलेली. डिस्कमधून निघाली ती सरकारी शिक्क्यासारखी सर्वांची किल्ली. आमच्या हक्काची नव्हे. शिवाय ती चाले त्याच कारखानदाराच्या विंडोज ७ बरोबर, आणि विंडोज ७ ला कंपनीकडून मिळणारी सुरक्षा-दुरुस्ती १४ जानेवारी २०२० रोजीच थांबली होती. नातीच्या हाती तसे यंत्र द्यावयाचे नव्हते. विंडोज १० घालावयाची, तर ती त्या काळी विंडोज ७ च्या चिठ्ठीवरील किल्ली स्वीकारीत असे. कारखानी किल्ली नव्हे. जुनी डिस्क पुसून टाकण्यापूर्वी तिच्यातून किल्ली काढून ठेवा, असा सल्ला सर्वत्र दिला जातो. तो चांगलाच आहे; परंतु काढलेली किल्ली चिठ्ठीशी ताडून पाहिल्याखेरीज चिठ्ठी टाकू नये, एवढी पुस्ती मी त्यास जोडीन.

दुसरा उपाय कंपनीकडे मागण्याचा. तेथे समजले, की यंत्राबरोबर विकल्या गेलेल्या अशा किल्ल्यांची नोंद कंपनी गिऱ्हाइकाच्या नावे ठेवीत नाही. चिठ्ठी हाच पुरावा. येथे मला पुन्हा आजोळच्या कागदाची गोष्ट सांगितली पाहिजे. त्या पाटाच्या पाण्याचा तंटा शेवटी मोडीवाचकाच्या वाचनावर मिटला नाही. नोटरीच्या पोर्तुगीज वहीत त्याच व्यवहाराची पुढे झालेली नोंद निघाली, तिच्यावर मिटला. आपली प्रत वाळवीने खाल्ली, तरी कचेरीची वही असते. या बाबतीत गोव्याची परंपरा मोठी आहे. १५९५ साली येथे दप्तरखाना स्थापन झाला, आणि इतिहासकार दियोगु दु कोतु त्याचा पहिला अधिकारी. विसाव्या शतकात सत्तरीतील पिसुर्ले गावी १८९४ मध्ये जन्मलेल्या पांडुरंग पिसुर्लेकरांनी सुमारे तीन दशके ते दप्तर सांभाळले. त्यांना पोर्तुगीज आणि मोडी दोन्ही वाचता येत होते, म्हणून मराठ्यांच्या आणि पोर्तुगिजांच्या संबंधांची एक बाजू दुसरीशी ताडून पाहता आली. मराठी दप्तरातही सनद देताना तिची नोंद बारनिशीत होई. हक्काचा कागद दोन ठिकाणी असावा, ही गोष्ट आमच्या कारकुनांना कळून शतके लोटली होती. १९९८ ते २०१२ या काळात अब्जावधींचा व्यापार करणाऱ्या कंपनीने कोट्यवधी लोकांचे हक्क एकेका चिठ्ठीवर सोपवावे, याचे मला राहून राहून नवल वाटते.

राहिला तिसरा उपाय, डोळ्यांचा. चिठ्ठीला स्पिरिट लावून पुसू नका असे एका जाणकाराने वेळीच बजावले, म्हणून उरलेली शाई वाचली. खोलीत अंधार केला, विजेरी अगदी आडवी धरली, आणि नातीने मोबाइलवर वेगवेगळ्या कोनांतून वीस-पंचवीस छायाचित्रे घेतली. मग त्यांचे रंग उलटे करून, काळ्याचे पांढरे व पांढऱ्याचे काळे करून पाहिले. त्या करड्या पट्ट्यातून एकेक अक्षर वर येऊ लागले. रात्री नऊपर्यंत दहांपैकी आठ लागली. दोन राहिली.

दोन अक्षरे म्हणजे चोवीस गुणिले चोवीस, ५७६ शक्यता. एवढ्या किल्ल्या लावून पाहणारा माणूस घरमालकापेक्षा चोरासारखाच दिसावयाचा! तेव्हा मला त्या वृद्धाची रीत आठवली. पहिल्या तीन स्वच्छ गटांत आठाचा आकडा एकदा आला होता, आणि ‘जी’ही एकदा. त्या छापातील आठाचा वरचा फुगा खालच्यापेक्षा लहान होता, आणि ‘जी’चा आडवा दांडा आत वळलेला. आम्ही ही स्वच्छ अक्षरे मोठी करून संशयित अक्षरांच्या शेजारी लावली. एक जागा ‘बी’ किंवा आठ यांवर आली. दुसरी ‘जी’, सहा किंवा ‘क्यू’ यांवर. पाचशे शहात्तरांच्या सहा झाल्या. किल्ली मुळात खोटी असेल तर विंडोज घालतानाच ती नाकारली जाते, म्हणून सहा वेळा टंकून पाहण्यास फार वेळ लागणार नव्हता. चौथी लागली. नातीने टाळी वाजविली. मी मात्र, खरे सांगतो, मनातल्या मनात त्या गेलेल्या मोडीवाचकाला नमस्कार केला.

असा खटाटोप नव्या यंत्रांच्या बाबतीत सहसा करावा लागत नाही, हेही सांगितले पाहिजे. २०१२ च्या ऑक्टोबरात विंडोज ८ आली, तेव्हापासून कारखानदार किल्ली थेट मूळ पटावरील चिपमध्ये लिहू लागले. विंडोज पुन्हा घातली की ती स्वत:च तेथून किल्ली उचलते. बाहेरील चिठ्ठीवर अक्षरे नसतातच. २०१५ साली विंडोज १० आल्यावर आणखी एक पाऊल पडले: यंत्राच्या अंगोपांगांची ओळख कंपनीच्या वहीत नोंदली जाऊ लागली, आणि तेच यंत्र पुन्हा दारात आले की किल्ली न मागता आत घेतले जाऊ लागले. अखेर वही आली म्हणावयाची! परंतु ही वही आपल्या गावच्या नोटरीकडे नाही. तिची नक्कल अर्ज करून मिळत नाही. मूळ पटच बदलावा लागला, तर वहीतील यंत्र आणि आपल्या मांडीवरचे यंत्र एकच, हे पुन्हा पटवून द्यावे लागते.

या सर्वांतून मोकळा मार्गही आहे, आणि गोव्यास तो नवा नाही. २००१ च्या आसपास अमेरिकेतून वापरलेले संगणक आणून गोव्यातील शाळांना देण्याचा एक उपक्रम झाला, तेव्हा त्यांवर परवान्याचे दाम न लागणारी लिनक्स ही कार्यप्रणाली घातली गेली. तिला किल्लीच नाही. माझ्या पुतण्याचे म्हणणे, की आम्हीही तेच करावयास हवे होते. त्याचे चुकते असे नाही. पण नातीच्या अभ्यासाच्या काही आज्ञावल्या विंडोजवरच चालत होत्या, आणि मला माझा हक्क सोडावयाचा नव्हता. त्यातील खरे कारण कोणते, हे श्रोत्यांनी ठरवावे.

आम्ही वेळेवर पोहोचलो, हे नंतर कळले. २०२३ च्या सप्टेंबरात कंपनीने जाहीर केले, की विंडोज ७ आणि ८ च्या किल्ल्यांवर पुढील विंडोज यापुढे मिळणार नाही. अक्षरे स्वच्छ असली तरी दार बंद. आमचे यंत्र त्यापूर्वीच वहीत गेले होते, म्हणून त्याला कोणी अडविले नाही. पुढे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चीही नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती थांबली, आणि लिनक्सचा विषय पुतण्याने पुन्हा काढला आहे.

ती चिठ्ठी आता कोरी झाली आहे. आडव्या उजेडातही तिच्यावर काही दिसत नाही. किल्ली मी घरच्या हिशेबाच्या वहीत उतरून ठेवली आहे. पंचवीसही अक्षरे ओळीने लिहिली, आणि त्यांच्याखाली ‘अक्षरी’ म्हणून प्रत्येकाचे नाव देवनागरीत लिहिले: हा ‘बी’, आठ नव्हे.